पंधराव्या वर्षाचं गाणं कुणाचं?

(खापर, ता. अक्कलकुवा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी आम्हांला एकच अट घातली होती : मुलांना झोप येईल असं बोलायचं नाही. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ही अट तशी जडच. म्हणून विषय मुलांच्याच खिशातला घेतला. खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये गाणी, आणि त्या गाण्यांत बहुतेक वेळा एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्याकडे बघणारा तेवढ्याच वयाचा मुलगा. ही गाणी खरं बोलतात का? आणि आपल्याला ती आपली वाटतात ती खरं बोलतात म्हणून, की आणखी कशामुळे?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि सगळा घोटाळा ते एक समजल्यानं होतो. 2021 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ऑलिव्हिया रॉड्रिगो नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीचं 'ड्रायव्हर्स लायसन्स' हे गाणं जगभर गाजलं. मुलीला मोटार चालवायचा परवाना मिळालाय, पण ज्याच्याबरोबर फिरायचं तो मुलगा आता नाही, म्हणून ती त्याच्या घरावरून एकटीच गाडी नेते. आता आपल्याकडे सतराव्या वर्षी परवानाच मिळत नाही, आणि वसतिगृहातल्या मुलीकडे गाडी कुठली, तिची अक्कलकुव्याची एस.टी. वेळेवर आली तरी पुष्कळ. पण ते गाणं ऐकून तिला रडू येऊ शकतं. म्हणजे आपलं वाटायला गाण्यातलं सामान आपलं असावं लागत नाही. आणि याच्या उलटही घडतं. गाण्यातलं गाव आपलं, बोली आपली, ढोल आपला, आणि सांगितलेली गोष्ट मात्र सपशेल खोटी.

मग खरेपणा तपासायचा कसा? लायोनेल ट्रिलिंग नावाच्या अमेरिकन समीक्षकाचं 1972 चं एक पुस्तक आहे, प्रांजळपणा आणि अस्सलपणा या दोन कल्पनांचा त्यात इतिहास आहे. प्रांजळपणा म्हणजे, ढोबळ मानानं, आत आहे तेच बाहेर बोलणं. मोठ्या माणसाला हे माप लागू पडतं. पण पंधराव्या वर्षी 'आत' काय आहे ते त्या पोराला तरी कुठं ठाऊक असतं? सकाळी जन्मभराच्या आणाभाका, संध्याकाळी दुसराच विचार. सकाळचं बोलणं खोटं नव्हतं हो, त्या वेळी ते खरंच होतं. म्हणून आम्ही वेगळं माप घेतो. गाणं त्या मुलाचा उरलेला दिवस आत येऊ देतं का? शाळा, बापाचा धाक, जात, घरचं काम, अंगाची लाज, उद्याची भीती. हे सगळं बाहेर ठेवून नुसता चेहरा आणि नुसतं प्रेम आत घेणारं गाणं गोड असेल, पण त्यानं अर्धा माणूस दाराबाहेर उभा केला.

आता थोडं मागं जाऊ या. हे वय म्हणजे स्वतंत्र काहीतरी आहे, माणसाचा जणू दुसरा जन्म आहे, हे रूसोनं 1762 साली 'एमिल'मध्ये मांडलं. 1904 मध्ये स्टॅन्ली हॉल यांनी त्याचं मानसशास्त्र दोन जाड खंडांत लिहिलं. आपल्याकडे हे वय सगळ्यांना येत होतंच, पण त्याला जागा नव्हती. शब्दच बघा ना. मुलाला मिसरूड फुटलं, मुलगी न्हातीधुती झाली, उपवर झाली. उपवर म्हणजे काय, तर वराच्या जवळ आलेली. मुलीच्या वाढीचा शब्दसुद्धा लग्नाच्या दिशेनं तोंड करून उभा.

ती जागा कायद्यानं इंचाइंचानं मोकळी केली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, तो खटला 1884 पासून गाजला. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, दहाचं वय बाराचं झालं, आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढं रण माजलं. 1929 च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, 1949 मध्ये पंधरा आणि 1978 मध्ये अठरा. म्हणजे ज्याला आज आपण मुलीचं कुमारवय म्हणतो ते कागदावर पुरतं यायलाच जवळजवळ नव्वद वर्षं लागली. कागदावर म्हणतो आहोत, सातपुड्यात ते किती आलं हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता.

मग प्रश्न असा की तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुली तेव्हा गात नव्हत्या का? गात होत्या की. पहाटे जात्यावर बसून गात होत्या. आम्हांला विचाराल तर मराठीतलं कुमारवयाचं पहिलं आणि बहुधा सगळ्यांत खरं गाणं म्हणजे जात्यावरची ओवी. आपण ओवी म्हटली की डोळ्यांपुढे पिकल्या केसांची आजी आणतो. पण आजी ती ओवी शिकली केव्हा? नव्या सासरी, अंगात बळ पुरतं आलेलं नसताना जात्याचा खुंटा धरला तेव्हा. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. त्यांत माहेर आहे, न्यायला येणारा भाऊ आहे, सासूचं बोलणं आहे, मार आहे, आणि बाईच्या जन्मावरचा राग आहे. उरलेला दिवस आत येतो असं आम्ही मघाशी म्हणालो ना, तो इथं दळणासकट येतो.

आणि हे खरेपण आलं कुठून, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमचं मत असं की त्या गाण्याला गिऱ्हाईक नव्हतं. ऐकणारी असली तर जात्याच्या दुसऱ्या बाजूची जाऊ, नाहीतर जातंच. विकायचं नाही म्हणून कुणाला आवडावं असंही नाही. घरघरीत आवाज बुडतो म्हणून धीरही येतो. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला ही मोठीच गोष्ट झाली, त्याबद्दल हळहळणारे लोक स्वतः कधी दळायला बसले नव्हते. पण गिरणीत गाणं म्हणत कुणी बसत नाही, हेही तितकंच खरं.

खान्देशातलं उदाहरण तर घरचंच आहे. बहिणाबाई चौधरी, 1880 साली आसोद्यात जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या. लिहिता येत नव्हतं. काम करता करता रचायच्या, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं, आणि पुस्तक आलं ते 1952 मध्ये, त्या गेल्यावर. आज आपण त्यांना म्हातारपणच्या शहाणपणाची कवयित्री म्हणून शाळेत शिकवतो. पण माहेर, सासर, कष्ट हे सगळं ज्या आवाजात येतं त्याच्या मुळाशी एक तेरा वर्षांची मुलगी आहे, नवीन घरात आलेली. तिला आपण वर्गात कधी हाक मारत नाही.

मुलांचं काय? त्यांच्यासाठी एक दुसरं गाणं होतं. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता त्यात गेला, वय पंधरा. लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे त्याचे साथीदारही गेले. प्रभातफेऱ्यांची गाणी म्हणत हिंडणारी ही पोरं. त्या गाण्यांत 'मी' नाही, सगळं 'आम्ही'. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल गायची परवानगी नव्हती, देशाबद्दल होती, आणि त्या परवानगीचा त्यानं केवढा उपयोग केला ते चौकातला स्तंभ सांगतो. एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते : शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती, आणि त्याच्या तोंडची म्हणून जी घोषणा लोक सांगतात तीही गुजरातीच. ऐन वेळी माणूस घरच्या भाषेत ओरडतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

स्वातंत्र्यानंतर सिनेमा, रेडिओ, तबकड्या घराघरात शिरल्या, आणि एक चमत्कार झाला. सोळा वर्षांची मुलगी गाण्यात आली, पण गाणारी म्हणून नाही. 1964 च्या 'सवाल माझा ऐका' या चित्रपटातली 'सोळावं वरीस धोक्याचं' ही लावणी ठाऊक नाही असा माणूस या सभेत नसेल. सुलोचना चव्हाणांचा तो आवाज, त्याला तोड नाही. पण सोळावं वर्ष धोक्याचं म्हणजे कुणासाठी धोक्याचं? मुलगी सांगते आहे असं वाटतं, पण ऐकायला समोर बसलाय तो फेटेवाला पुरुष, आणि धोका हा त्याच्या करमणुकीचा भाग आहे. सुलोचनाबाई तेव्हा तिशीच्या पुढे होत्या. गंमत बघा, त्याच्या सहा वर्षं आधी, 1958 मध्ये, अमेरिकेत चक बेरीनं 'स्वीट लिटल सिक्स्टीन' काढलं. तोही तेव्हा एकतीस वर्षांचा. इकडे फडाची परंपरा, तिकडे रॉक अँड रोल, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण सोळाव्या वर्षाचं गाणं दोन्हीकडे तिशीतल्या माणसांनीच गायलं.

कुणी म्हणेल, मोठ्यांनी गायलं म्हणून खोटं का ठरावं? नाही ठरत. आठवणीतून लिहिणारा माणूस कित्येकदा जास्त खरं लिहितो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी 2004 ची, आणीबाणीच्या दिवसांतल्या नववीच्या मुलांवरची. लिहिणारा चाळिशीतला, पण वर्ग, बाकं, मास्तर, घरची बैठक सगळं जागच्या जागी. वयापेक्षा गाणं कुणाकडे तोंड करून म्हटलं आहे, ते बघावं.

या जागी एका मुलीचं नाव घेतलंच पाहिजे. जॅनिस इयन, न्यूयॉर्कची, जन्म 1951. तेरा-चौदा वर्षांची असताना तिनं 'सोसायटीज चाइल्ड' नावाचं गाणं लिहिलं. गोऱ्या मुलीचं काळ्या मुलावर प्रेम आहे. आई दारातून त्याला परत पाठवते, शाळेत कुजबुज होते, आणि शेवटी मुलगीच त्याला सांगते की आता भेटायचं नाही. गाणं 1966 मध्ये आलं आणि पुष्कळ रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं नाकारलं. आमचा जीव अडकतो तो त्या शेवटावर. मोठ्या माणसानं लिहिलं असतं तर त्या दोघांना पळवलं असतं, निदान मारलं तरी असतं. चौदा वर्षांच्या मुलीनं लिहिलं की मी घाबरले आणि माघार घेतली. हा प्रामाणिकपणा महाग आहे. यात नायिका आपल्याला आवडतही नाही.

आता आपण नागराज मंजुळ्यांपाशी येतो. विद्यार्थी केव्हाची वाट बघत असतील.

'फँड्री' 14 फेब्रुवारी 2014 ला, म्हणजे मुद्दाम त्या दिवशी, प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातला जब्या, वर्गातली शालू त्याला आवडते. अजय-अतुल यांचं एक गाणं त्याच्या आधी गावोगाव वाजलं, प्रेमाचा विंचू डसल्याचं. लोक ते गाणं ऐकून थिएटरात गेले आणि आत गाणं नव्हतंच. ते जाहिरातीपुरतं होतं. चित्रपटाच्या शेवटी जब्याला घरच्यांबरोबर शाळेजवळ, शालूच्या नजरेसमोर, डुकरं धरावी लागतात, आणि पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. त्या मुलाच्या सगळ्यांत वाईट दिवशी त्याच्या वाट्याला आलेलं गाणं कुठलं, तर हे. शिरीषकुमारच्या वयाचाच तो मुलगा. त्या दोघांना शेजारी उभं करून बघावं असं आम्हांला नेहमी वाटतं.

मग 29 एप्रिल 2016, 'सैराट'. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट. रिंकू राजगुरू तेव्हा खरोखरच पंधराच्या आसपासची. चार गाणी, करमाळ्याकडची बोली, आणि मागे अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेला मोठा वाद्यवृंद. काही विद्वानांना हे विजोड वाटलं. आम्हांला नाही वाटत. पंधराव्या वर्षी विहिरीत उडी मारली तरी आत शंभर व्हायोलिनं वाजतात, त्याला इलाज नाही. 'वेड' न म्हणता 'याड' म्हटलं, एवढ्यानं लाखो मुलांना पहिल्यांदा कळलं की आपण घरी बोलतो त्या शब्दांनाही सूर लागतो. आणि 'आताच बया का बावरलं' हे मुलीचं गाणं आहे, बघणारी ती आहे. सोळाव्या वर्षाच्या धोक्यापासून इथवर यायला बावन्न वर्षं लागली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ही चारही गाणी पूर्वार्धात येतात. आर्ची आणि परशा पळून हैदराबादला गेले की गाणी संपतात. झोपडपट्टी, भांडण, पगार, बाळ, यांच्यावर गाणं नाही. आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच नाही, लहान मूल चालत बाहेर येतं ते नि:शब्दात. चित्रपटाचा प्रामाणिकपणा त्याच्या गप्प बसण्यात आहे. आता गेल्या कित्येक वर्षांतल्या लग्नांच्या वराती आठवा. डीजेवर काय वाजतं? 'झिंगाट'. उत्तरार्ध कुणी वाजवत नाही, वाजवायला त्यात काही नाहीच. आपलं वाटणारं तेवढं आपण उचलून घरी आणलं आणि खरं होतं ते थिएटरात ठेवून आलो. ज्या लग्नात ते वाजतं त्या घरातल्या मुलीनं उद्या परजातीचं नाव घेतलं तर काय होईल, हे नाचणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. यात दोष गाण्याचा किती आणि आपला किती, हे प्रत्येकानं आपापल्या घरी ठरवावं.

इथं खापरला ही गोष्ट आणखी वेगळी ऐकू जाते. भिल्ल, पावरा समाजांत मुलगा-मुलगी पळून गेली तर पंच बसतात, देज ठरतं, आणि लग्न मान्य होतं. ही जुनी रीत आहे. तेव्हा करमाळ्याच्या आर्चीला पळून गेल्यावर जे भोगावं लागलं ते इथल्या मुलीला जसंच्या तसं लागू नाही. पण 2012 पासून पॉक्सो कायदा आहे. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही. पंचांनी मिटवलेलं प्रकरण कुणी पोलिसांत नेलं, किंवा मुलगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली आणि वय सतरा निघालं, की एकोणीस वर्षांचा नवरा आत. कायदा नको असं आम्ही म्हणत नाही. रखमाबाईंपासूनचा तो सगळा रस्ता आत्ताच सांगितला, त्यावरून मागे फिरायचं नाही. आम्ही एवढंच विचारतो की पंच, देज, पोलीस, दवाखाना आणि सतरावं वर्ष हे ज्यात एकत्र आहे असं एकही गाणं आम्ही अजून ऐकलेलं नाही. आणि इथल्या मुलाचा उरलेला दिवस तर नेमका हाच आहे.

भाषेचंही तसंच. खापरचा मुलगा घरी भिलोरी किंवा वसावी बोलतो, बाजारात अहिराणी-गुजरी, सीमेपलीकडे सागबाऱ्याला गुजराती, शाळेत पुस्तकी मराठी, आणि प्रेम हिंदीत करतो. करमाळ्याचं 'याड' त्याला शेजारचं वाटेल, घरचं नाही. अहिराणीनं या बाबतीत बाजी मारली. सचिन कुमावतांचं 'बबल्या ईकस केसावर फुगे' हे गाणं खान्देशाबाहेरही नाचवलं गेलं. पुण्या-मुंबईत बहुतेकांना त्याचा अर्थ कळला नाही, नुसता ठेका कळला. पण इथल्या बाईला विंचरून गळालेले केस साठवून त्यावर फुगे-भांडी घेणं माहीत आहे, त्या फेरीवाल्या पोराला तिनं दारात पाहिलं आहे. गाणं थट्टेचं आहे, त्यात फार खोल काही शोधू नये, पण शाळेच्या वयातलं पोर पोटासाठी दारोदार हिंडतं हे त्याच्या नावातच येऊन गेलं.

आणि मग टिमली. ज्येष्ठ मंडळी कपाळाला आठ्या घालतील, घालू द्या. संगीताची चाल बदलली की राज्याचे कायदे हलतात ही धास्ती प्लेटोनंसुद्धा घेतली होती. आमच्या मते आज सातपुड्याच्या पोरांचं स्वतःचं म्हणावं असं संगीत हेच आहे. कीबोर्डवर वाजतं, पण सूर पावरीच्या वळणाचा, आणि हातात हात धरून रांगेनं नाचायचं ते काठीच्या होळीत नाचतात तसं. त्यात मुलगा-मुलगी शेजारी उभी राहतात आणि कुणी मुद्दाम बघत नाही. मात्र पुष्कळ टिमल्यांमध्ये शब्द थोडे असतात, कित्येकदा नसतातच. एखाद-दुसरी ओळ, मग लांबच लांब सूर. नाचायला तेवढं पुरतं. बोलायचं असेल तर जागा रिकामी आहे.

आम्ही होळीची जुनी गाणी ऐकलेल्या बायकांशी बोललो, त्या सांगतात की आमच्या वेळी पोरी जागच्या जागी जोडून गायच्या, समोरच्या पोराला टोमणा मारायच्या, बापाच्या कर्जाचंही बोलून घ्यायच्या. आता ते मोबाइलमध्ये नाही, कारण तेव्हा कुणी टिपून ठेवलं नाही. वसतिगृहातल्या मुली रात्री दिवे गेल्यावर काय गातात, हे आमच्यासारख्या म्हाताऱ्याला कोण सांगणार. पण गात असतील हे नक्की.

वेळ झाली आहे. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. प्रश्न नंतर घेऊ. मागच्या रांगेत मघापासून दोघी-तिघी एकमेकींना ढोसत आहेत, त्यांच्यापैकी कुणाला काही म्हणून दाखवायचं असेल तर माइक तिकडे द्या. कुठल्याही भाषेत चालेल. आम्ही खाली बसतो.